पॅच लावला म्हणजे धोका टळला?

व्हीपीएन उपकरणाला (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सुरक्षित वाट देणाऱ्या यंत्राला) पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, लावला की विषय संपला, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. पॅच भोक बुजवतो. आधीच बाहेर गेलेलं परत आणत नाही.

पल्स सिक्युअर या व्हीपीएन उपकरणाचंच घ्या. सीव्हीई-२०१९-११५१० या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीमुळे लॉगिन न करताच, खास रचलेल्या वेब विनंतीतून, उपकरणावरच्या फायली वाचता येत. त्यांत साध्या मजकुरात पडलेले पासवर्डही सापडत. (हे मला त्रुटीपेक्षाही भयंकर वाटतं.) दुरुस्ती एप्रिल २०१९मध्ये आली. तरी वर्षभराने अमेरिकेच्या 'सिसा' या सायबरसुरक्षा संस्थेला पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण पॅच लावलेल्या ठिकाणीही चोरलेल्या पासवर्डांनी घुसखोरी चालूच होती. म्हणून पॅचनंतर सगळे पासवर्ड बदला, चालू सेशन (आधीच लॉगिन झालेल्या जोडण्या) तोडा आणि जुने लॉग (वापराच्या नोंदी) चाळा.