स्वकेंद्रित अवधान आणि चिंता

समोर चाललेल्या गोष्टींवरून लक्ष सुटून ते स्वतःची धडधड, आवाज, चेहरा आणि ‘मी कसा दिसतोय’ यावर खिळते, तेव्हा त्याला स्वकेंद्रित अवधान म्हणतात. याचा स्वार्थाशी संबंध नाही. लोक काय म्हणतील याची फार पर्वा करणारी माणसेच त्यात जास्त अडकतात.

गोव्यात जत्रेला गावकरी मराठी नाटक बसवतात. पहिल्यांदाच भूमिका करणारा नट विंगेतच छातीचे ठोके मोजू लागतो. रंगमंचावर लक्ष थरथरत्या हाताकडे लागते, सहकलाकाराचे वाक्य निसटते, मग स्वतःचे चुकते, आणि ‘मला जमत नाही’ ही समजूत पक्की होते. डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक चिंतेचे, म्हणजे लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीचे, हेच चक्र मांडले. त्यातली मेख अशी, की आत जे जाणवते तेच बाहेर दिसते असे माणूस धरून चालतो: कान तापले म्हणजे ते शेवटच्या रांगेलाही लाल दिसले! प्रेक्षकांकडे नीट पाहिले तर हा समज टिकणार नाही. पण तो पाहतच नाही. हात लपवणे, वाक्य मनात घोकणे, घाईने उरकणे हे बचाव तर लक्ष आणखी आत ओढतात. प्रसंग निभावला तरी श्रेय त्यांनाच जाते, भीती जागची हलत नाही.

निली मोर व जेनिफर विनक्विस्ट यांनी २००२ साली केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्वतःच्या विचारभावनांवरचे लक्ष नैराश्य व सार्वत्रिक चिंतेशी, तर लोकांना दिसणाऱ्या रूपावरचे लक्ष सामाजिक चिंतेशी अधिक जोडलेले आढळले.

‘स्वतःचा विचार करू नको’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. तो पाळला जातोय का हे बघायला पुन्हा आतच डोकवावे लागते. वेल्स यांच्या अवधान-प्रशिक्षणात सुमारे १२ मिनिटे निरनिराळ्या दिशांचे आवाज ऐकतात: आधी एकेक निवडून, मग एकावरून दुसऱ्यावर झरझर जात, शेवटची २ मिनिटे सगळे एकदम. गणेश चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांचा नाद वेगवेगळा काढून ऐकणे ही त्याच जातीची कसरत. नेहमीची चूक म्हणजे घाबरल्यावर भीती घालवण्यासाठी हा सराव करणे. मग तोही एक बचावच होतो. सराव शांत वेळी, रोज करावा, आणि विचार आले तर येऊ द्यावेत.

दुसरा उपाय स्वतःच्या चित्रफितीचा. आपण किती थरथरताना दिसू याचा अंदाज आधी लिहून ठेवतात, मग परक्या माणसाला पाहावे तशी फीत पाहतात. झोप, शाळा किंवा काम बिघडू लागल्यास गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात तपासणी होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो.