म्युनिकला लागला, पण कुठल्या? एलएमयू आणि टीयूएम

‘आमच्या चिरंजीवांचं म्युनिक युनिव्हर्सिटीत झालं हो!’ नात्यातल्या एका काकांचा फोन. विषय कोणता, विचारलं. ‘मेकॅनिकल. मास्टर्स.’ म्हटलं, काका, मग ती म्युनिक युनिव्हर्सिटी नव्हे, म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी. ‘अरे, तेच ते!’

तेच ते नाही. काकांनी खर्चाचा हिशोब एका विद्यापीठाचा केला होता आणि प्रवेश मिळाला होता दुसऱ्यात. या ‘तेच ते’ची किंमत दोन वर्षांत सोळा ते चोवीस लाखांच्या घरात जाते. ती कशी, ते पुढे येईलच.

गोंधळ होण्यात काकांची फारशी चूक नाही म्हणा. जर्मनीतल्या या म्युनिक शहरात दोन अवाढव्य सरकारी विद्यापीठं आहेत. एक लुडविग-मॅक्सिमिलियान्स-युनिव्हर्सिटेट, म्हणजे एलएमयू. नुसतं ‘म्युनिक विद्यापीठ’ म्हटलं की खरं तर हेच. दुसरं टेक्निशे युनिव्हर्सिटेट म्युन्शन, म्हणजे टीयूएम. दोन्हीकडे पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी. दोन्ही बव्हेरिया राज्याच्या पैशावर चालतात. दोघांचीही स्वतःची इस्पितळं, दोघांकडेही फिजिक्स, गणित, इन्फॉर्मॅटिक्स. २००६ साली जर्मन सरकारने निवडक विद्यापीठांना ‘एक्सलन्स’चा शिक्का आणि जादा निधी द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या तिघांत ही दोन्ही होती (तिसरं कार्ल्सरूहं). आणि मुख्य इमारती? एकीकडून दुसरीकडे रमतगमत चालत जायला पंधरा-वीस मिनिटं. त्याच शहरात होखशूलं म्युन्शन नावाची उपयोजित विज्ञानांची संस्था आहे आणि शहराला लागून नॉयबिबेर्गला लष्कराचं विद्यापीठही आहे, पण त्यांच्या वाटेला आज जात नाही.

फरक कळायला जन्मकथेपासून सुरुवात केलेली बरी. एलएमयू १४७२ चं, आणि जन्म म्युनिकचा नव्हेच. बव्हेरियाचा ड्यूक लुडविग, ज्याला इतिहासात ‘श्रीमंत’ असं बिरूद आहे, त्याने ते इंगोलस्टाटला काढलं. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान, असा मध्ययुगीन विद्यापीठाचा चौरंगी थाट. १८०० साली फ्रेंच फौजांच्या भीतीने बिऱ्हाड लांड्सहूटला हललं, १८०२ मध्ये दोन राज्यकर्त्यांची नावं जोडून आजचं नाव मिळालं, आणि १८२६ साली राजा लुडविग पहिला याने ते म्युनिकला आणलं. टीयूएम त्यामानाने कालचं पोर. १८६८ मध्ये लुडविग दुसरा याने, म्हणजे नॉयश्वानस्टाइनचा तो परीकथेतला किल्ला बांधणाऱ्या राजाने, पॉलिटेक्निक म्हणून सुरू केलं. (या लुडविगांची माळ जपताना कुणाचंही डोकं गरगरेल. एकाने स्थापलं, दुसऱ्याने हलवलं, तिसऱ्याने शेजारी दुसरंच काढलं.) आपल्या पुण्याचं सीओईपी १८५४ चं, म्हणजे टीयूएमपेक्षा चौदा वर्षांनी थोरलं! पॉलिटेक्निकची १८७७ मध्ये टेक्निशे होखशूलं, म्हणजे तांत्रिक उच्चशिक्षण संस्था झाली, १९०१ मध्ये डॉक्टरेट द्यायचा हक्क मिळाला, आणि नावात ‘युनिव्हर्सिटेट’ आलं ते थेट १९७० साली.

१८६८ हे साल आपल्या दृष्टीनेही गंमतीचं आहे. त्याच वर्षी एलएमयूत संस्कृतच्या प्राध्यापकपदावर मार्टिन हाउग रुजू झाले, ते त्याआधी १८५९ ते १८६६ पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवत होते. ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची आवृत्ती मुंबईत छापली गेली, १८६३ मध्ये. म्हणजे एकाच साली एका विद्यापीठात पुण्याहून आलेले वेदविद्येचे पंडित आणि एक मैलावर दुसरीकडे पूल कसा बांधावा, इंजिन कसं करावं याचे नवेकोरे वर्ग. दोन्ही संस्थांचा पिंड इथे उघडा दिसतो.

हा पिंड अजून गेलेला नाही. मॅक्स प्लांक यांनी १८७९ मध्ये एलएमयूतून डॉक्टरेट घेतली. क्ष-किरणांचे शोधक रोन्टगेन १९०० पासून तिथे होते, पहिलं भौतिकीचं नोबेल १९०१ मध्ये त्यांना मिळालं तेव्हाही. हायझेनबर्ग १९२३ मध्ये तिथेच डॉक्टर झाले, पण जेमतेम. तोंडी परीक्षेत प्राध्यापक विल्हेल्म वीन यांनी बॅटरी कशी चालते ते विचारलं आणि पुढे क्वांटम सिद्धांताचा पाया घालणारा हा पोरगा गप्प बसला. याचं उत्तर पॉलिटेक्निकात कुणीही चुटकीसरशी दिलं असतं. तिथे १८७० च्या दशकातच कार्ल फॉन लिंडे शीतयंत्रं शिकवत होते आणि त्यांच्या वर्गात बसणाऱ्या एकाचं नाव होतं रुडोल्फ डिझेल.

आता रचना. आपल्याकडच्या वाचकाने आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी, ती म्हणजे संलग्न महाविद्यालय. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाखाली शेकडो कॉलेजं असतात आणि विद्यापीठ परीक्षा घेतं, पदवी देतं. म्युनिकमध्ये ही भानगड नाही. पन्नास हजार म्हणजे थेट विद्यापीठात नाव घातलेले पन्नास हजार. वर अध्यक्ष असतो, साधारण आपला कुलगुरू, फक्त आपल्या राज्यपालांसारखं कुणी कुलपती म्हणून वर बसलेलं नसतं. सोबत सेनेट आणि बाहेरची माणसंही असलेलं विद्यापीठ-मंडळ. इथपर्यंत दोघांचं सारखंच.

खाली उतरलं की वाटा फुटतात. एलएमयूत १८ फॅकल्टी आहेत. कॅथलिक धर्मशास्त्राची वेगळी, प्रोटेस्टंट धर्मशास्त्राची वेगळी. कायदा, वैद्यक, पशुवैद्यक, तत्त्वज्ञान, इतिहास आणि कला, भाषा आणि साहित्य, मग फिजिक्स, जीवशास्त्र वगैरे. फॅकल्टीचा डीन, तिच्या पोटात इन्स्टिट्यूट, तिच्या पोटात ‘लेअरश्टूल’, म्हणजे अध्यासन. हा लेअरश्टूल ही खरी सत्ता. एक प्राध्यापक, त्याची सेक्रेटरी, त्याचे सहायक, त्याची पीएचडीची मुलं. छोटं संस्थानच म्हणा ना.

टीयूएमने हा जुना वाडा पाडून नवं बांधकाम केलं. पूर्वी तिथेही पंधरा फॅकल्टी होत्या. २०२३ पर्यंत त्या मोडून सात ‘स्कूल’ केली: इंजिनिअरिंग आणि डिझाइन; कम्प्युटेशन, इन्फर्मेशन आणि टेक्नॉलॉजी; नॅचरल सायन्सेस; लाइफ सायन्सेस; मेडिसिन आणि हेल्थ; मॅनेजमेंट; सोशल सायन्सेस आणि टेक्नॉलॉजी. स्कूलच्या खाली डिपार्टमेंट. २०१२ पासून अमेरिकी धाटणीची टेन्युअर-ट्रॅक पद्धतही आणली: तरुण प्राध्यापकाला घ्या, काही वर्षं पारखा, मग कायम करा. सातव्या स्कूलचं नाव पुन्हा वाचा. समाजशास्त्रसुद्धा ‘टेक्नॉलॉजी’चा हात धरूनच आत येतं. एलएमयूत ते स्वतःच्या पायावर चालत येतं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी खूण इथेच आहे. एलएमयूत इंजिनिअरिंगची फॅकल्टी नाही. मेकॅनिकल नाही, सिव्हिल नाही, आर्किटेक्चर नाही. म्हणून काकांनी विषय सांगितला तेव्हाच मला विद्यापीठ कळलं. उलट टीयूएममध्ये धर्मशास्त्राची किंवा कायद्याची फॅकल्टी सापडणार नाही. जनावरांचं डॉक्टर व्हायचं तर एलएमयू. शेती, अन्नप्रक्रिया, अगदी बिअर बनवण्याचं शास्त्र हवं तर टीयूएमचं फ्रायझिंगमधलं वायहेनश्टेफान. गाईला ताप आला तर एक विद्यापीठ, तिच्या दुधाचं काही करायचं तर दुसरं, असं गावाकडच्या भाषेत सांगता येईल. अडचण येते ती मधल्या पट्ट्यात. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर, वैद्यक आणि व्यवस्थापन दोन्हीकडे आहे, तिथे पत्रावरचं नाव नीट वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

नकाशावर हे बघायचं तर मेट्रोची यू-सहा ही लाइन धरा. नैऋत्येचं टोक ‘क्लिनिकुम ग्रोसहाडर्न’, हे एलएमयूचं मोठं इस्पितळ. मध्ये शहरात ‘युनिव्हर्सिटेट’ स्टेशन, ही एलएमयूची मुख्य इमारत. उत्तरेचं टोक ‘गार्शिंग-फोर्शुंग्सत्सेंट्रुम’, म्हणजे टीयूएमचा सगळ्यात मोठा कॅम्पस.

युनिव्हर्सिटेट स्टेशनातून वर आलात की गेश्विस्टर-शोल-प्लाट्झ. फरसबंदीत कागद पडलेले दिसतात. उचलायला वाकलात तर हाताला गार फरशी लागते. ती पत्रकं जमिनीत बसवलेली आहेत. १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी हिटलरविरोधी पत्रकं समोरच्या इमारतीत वाटली, उरलेली वरच्या सज्जातून खालच्या चौकात सोडली. इमारतीच्या शिपायाने त्यांना पकडून दिलं; चारच दिवसांनी, २२ तारखेला, दोघांचा शिरच्छेद झाला. त्यांचे प्राध्यापक कुर्ट हूबर यांनाही त्याच वर्षी जुलैत मारलं. हान्स वैद्यकाचा विद्यार्थी, सोफी जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञानाची, हूबर तत्त्वज्ञान शिकवणारे. लोक त्या जमिनीतल्या कागदांना वळसा घालून चालतात, घाईत असले तरी.

गार्शिंगला उतरलात तर वेगळंच जग. मोकळं माळरान, वारा, काचेच्या इमारती. १९५७ मध्ये इथे संशोधनासाठी अणुभट्टी उभी राहिली. तिचा घुमट अंड्यासारखा, म्हणून लोक त्याला ‘अणु-अंडं’ म्हणतात. गणित आणि इन्फॉर्मॅटिक्सच्या इमारतीत तर वरच्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत दोन भल्यामोठ्या घसरगुंड्या आहेत, आकार पॅराबोलाचा. चटई घ्यायची, बसायचं, सुटायचं. प्राध्यापकही सुटतात. पण ‘गार्शिंग म्हणजे टीयूएम’ हे सूत्रही पाठ करू नका, कारण एलएमयूच्या भौतिकीची लेसर प्रयोगशाळा तिथेच आहे. शिवाय टीयूएमची मूळ इमारत शहरात आर्किसश्ट्रासवर, आणि हाइलब्रॉन, श्ट्राउबिंग, इतकंच काय सिंगापूरलाही तिच्या शाखा.

रँकिंगचं काय, हा प्रश्न येणारच. क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या २०२५ च्या यादीत टीयूएम २८ वं, एलएमयू ५९ वं. टाइम्स हायर एज्युकेशनच्या २०२५ च्या यादीत टीयूएम २६ वं, एलएमयू ३८ वं. एकात अंतर ३१, दुसऱ्यात १२. विद्यापीठं तीच, फूटपट्टी वेगळी. क्यूएसमध्ये नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मताला १५ टक्के वजन आहे. बीएमडब्ल्यू आणि सीमेन्सच्या शहरातल्या तंत्र-विद्यापीठाला ते मानवणारच. लॅटिन हस्तलिखितांवर वीस वर्षं घालवणाऱ्या प्राध्यापकाचं या याद्यांत फारसं काही मोजलं जात नाही. तेव्हा वकिली शिकायला निघालेल्याने टीयूएमचा २८ वा नंबर बघून हरखून जाण्यात अर्थ नाही.

आता काकांचा मुद्दा, पैसा. बव्हेरियाच्या नव्या विद्यापीठ कायद्याने १ जानेवारी २०२३ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची मुभा दिली. घ्यायची की नाही, हे विद्यापीठाने ठरवायचं. टीयूएमने घ्यायचं ठरवलं: २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना पदवीला सत्रागणिक २,००० किंवा ३,००० युरो आणि मास्टर्सला ४,००० किंवा ६,०००, विषयाप्रमाणे. मास्टर्सची चार सत्रं म्हणजे १६,००० ते २४,००० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार घरी करा. गुणवत्तेवर किंवा गरजेवर माफी मिळू शकते, पण ती मागावी लागते. एलएमयूने आपल्या नेहमीच्या पदवी अभ्यासक्रमांना अशी फी लावली नाही. तिथे विद्यार्थी-सेवेची वर्गणी तेवढी, सत्राला साधारण शंभर युरोच्या घरात. व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायचे वर्षाचे ११,९०४ युरो मात्र दोघांनाही सारखेच, आणि दिल्लीहून एपीएसचं, म्हणजे भारतीय पदव्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्रही.

एवढं सगळं वेगळं सांगून झाल्यावर कबूल करायला हवं की ही दोघं आतून बरीच गुंतलेली आहेत. क्वांटम तंत्रज्ञान, विश्वाची उत्पत्ती, मेंदूचे विकार अशा विषयांवरची मोठी संशोधन-केंद्रं दोघांची मिळून आहेत. बायोइन्फॉर्मॅटिक्सची पदवी संयुक्त आहे. वैद्यकाची मुलं तर वर्षानुवर्षं पहिली दोन वर्षं एलएमयूत काढून मग इस्पितळाच्या टप्प्याला एक किंवा दुसरं विद्यापीठ निवडत आली.

काकांच्या मुलाचं पत्र मागवून पाहिलं. टीयूएम, स्कूल ऑफ इंजिनिअरिंग अँड डिझाइन, गार्शिंग. फीमाफीचा अर्ज कसा करायचा ते त्याला सांगितलं. खोली मात्र त्याने आधीच ठरवून टाकली होती, ‘युनिव्हर्सिटेट’ स्टेशनाजवळ, म्हणजे कॉलेजच्या दारात राहता येईल म्हणून! भाडं ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. म्हटलं, असू दे. समोरच्या फलाटावरून यू-सहा धर आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा.