बडोद्यातला धागा आणि 'कला' या शब्दाची वाटणी

बडोद्यात धाग्याचं काम करणाऱ्या कुणालाही 'हे सुचलं कुठून' असं विचारलं, की उत्तर बहुधा घरातून सुरू होतं. आजीची वाकळ, आईच्या नऊवारीचा काठ, दारावर आलेल्या कच्छी भरतवालीचं गाठोडं. ते खरंच आहे. पण या गावात धाग्याला शाळेचंही एक घराणं आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते समजून घ्यायचं तर कलाभवन या इथल्या जुन्या संस्थेपासून सुरुवात करायला हवी.

त्याआधीचा काळ थोडक्यात. राजवाड्याची हौस मोठी होती. 1865 च्या सुमारास तेव्हाच्या महाराजांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी मोत्यांचा गालिचा करवून घेतला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर 15 ते 20 लाख बसरा मोती टाचलेले. महाराज गेले आणि गालिचा इथेच राहिला. पुढे तो देशाबाहेर गेला आणि 2009 मध्ये दोह्यात लिलावात विकला गेला. तो कुणाच्या हातांनी टाचला, ती नावं गालिच्याबरोबर आलेली नाहीत.

कलाभवन सुरू झालं 1890 साली. आज 'कला' म्हटलं की चित्र, शिल्प, प्रदर्शन डोळ्यांसमोर येतं. त्या पाटीवरच्या 'कला' या शब्दाचा अर्थ वेगळा होता. तो हुन्नर या अर्थाने वापरला होता. रंगाई, विणाई, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला, सगळं एकाच छपराखाली, तेही गुजरातीतून. रंगशाळेची धुरा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडे होती. तो काळ रंगांच्या दृष्टीने उलथापालथीचा होता. मंजिष्ठेचा लाल रंग 1868 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता आणि 1897 मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. पिढ्यान् पिढ्या आळीच्या मुळांचा लाल आणि निळीचा निळा रंग करणाऱ्या रंगाऱ्याचा धंदा डोळ्यांदेखत चालला होता. अशा वेळी रंगाऱ्याच्या मुलाला नव्या रंगांचं रसायन त्याच्या भाषेत शिकवावं, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो. तिथे चित्र काढणारा आणि सूत रंगवणारा एकाच अंगणात डबा उघडत असत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे नेमकं तेच अंगण उरलं नाही.

1949 मध्ये विद्यापीठ झालं आणि वाटणी झाली. कलाभवनाचं रूपांतर तंत्रशास्त्र शाखेत झालं. माग, सूत, वस्त्ररसायन हे सगळं अभियंत्यांकडे गेलं. शिवण, भरतकाम, कापडाची पारख हे गृहविज्ञानात गेलं, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलींकडे. आणि 1950 मध्ये ललित कलांची वेगळी शाखा उभी राहिली, जिथे चित्र आणि शिल्प गेलं. धागा एकच, पण तो तीन इमारतींत विभागला गेला. 'कला' हा शब्द मात्र दोन ठिकाणी राहिला. राजमहाल रोडवर कलाभवन, पण तिथे अभियांत्रिकी. आणि कलेची शाखा कुठे, तर पुष्पबागेत. बाहेरगावचा विद्यार्थी पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला 'कला' म्हणतो आणि भलत्याच फाटकावर उतरतो, हे आजही घडतं.

या वाटणीबद्दल दोन मतं ऐकू येतात. वेगळं झाल्याशिवाय ललित कलेला स्वतःची भाषा सापडली नसती, असं एक मत. त्यात तथ्य आहे, कारण त्या शाखेने देशाला जे चित्रकार दिले ते दिले. पण धाग्याचं काय झालं? ज्याला माग येत होता त्याला रचनेवर बोलायला कुणी भेटेना, आणि ज्याला रचना कळत होती त्याने माग पाहिलाच नाही. मधल्या मधे भरतकाम 'बायकांचं काम' म्हणून वर्गाबाहेर पडलं ते बराच काळ बाहेरच राहिलं. माझ्या मते वाटणीची सर्वात मोठी किंमत हीच होती. आपल्या भाषेनेही मदत केली नाही. मागावरचं विणकाम, सुयांवरचं विणकाम, क्रोशाचंही विणकामच. तिन्ही हातांच्या हालचाली निराळ्या, कामाचं तर्कशास्त्र निराळं, आणि शब्द एकच. मग त्यावर चर्चा व्हायची कशी?

ही फट पुढे बुजवली ती एका शिक्षकाने. ललित कला शाखेत शिकवत असताना 1959 मध्ये ते मुंबईला हातमाग मंडळाच्या कामावर गेले आणि 1961 मध्ये परत आले. मागाजवळ बसणाऱ्या माणसांबरोबर घालवलेली ती दोन वर्षं ते बडोद्याला घेऊन आले. 1961 पासूनच शाखेचा मेळा सुरू झाला. शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी, कापडी वस्तू, स्वस्त आणि हाताशी येईल त्या साहित्यातून काहीबाही करायचे आणि गावाला विकायचे. हुन्नर मागच्या दाराने परत आला, असं मी म्हणेन.

त्यांच्याकडे भित्तिचित्र शिकलेल्या एका मुलीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दोर हातात घेतला. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही, फक्त गाठीवर गाठ. सुरुवातीला भिंतीवर टांगायची कामं, मग जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, माणसाहून उंच, यक्षी आणि वनश्रीसारख्या आकृत्या. एकेका कामाला कित्येक महिने जात. त्याच काळात घरोघरी मॅक्रमेच्या, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून केलेल्या, झुंबरांची आणि कुंड्यांच्या शिंक्यांची लाट होती, त्यामुळे 'हे शिल्प की छंदवर्ग?' हा प्रश्न तिला वर्षानुवर्षं ऐकावा लागला. 2015 मध्ये दिल्लीत तिचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच ती गेली. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने तिच्या गाठींना दालनच्या दालन दिलं. प्रश्न विचारणारे तेव्हा गप्प झाले.

आज बडोद्यात जे नवे हात धाग्यावर काम करतात, त्यांनी त्या तीन इमारतींमधली ये-जा पुन्हा सुरू केली आहे. कुणी डाळिंबाच्या सालींचा रंग उकळतं, कुणी बापाच्या धोतरावर धावदोऱ्याने गावाचा नकाशा काढतं. प्रेरणा शोधायला त्यांना लांब जावं लागत नाही. भरूच इथून तासा-दीड तासावर आहे. तिथली सुजनी आपल्या आयांना ठाऊक असते ती 'पलंगावरची चादर' म्हणून. एरवी गोधडीत कापूस घालून वरून टाके मारतात, भरूचची सुजनी मात्र मागावरच भरली जाते. कापड दुहेरी विणतात, प्रत्येक चौकोनाचा खिसा तयार होतो, त्यात कापूस भरतात आणि पुढच्या धाग्यांनी तो खिसा तिथेच बंद करतात. एका मागावर दोघं बसल्याशिवाय ती होत नाही.

आमच्या घरी तिचा एक तुकडा आहे, वहीच्या पानाएवढा. उजेडात धरला की आतला कापूस प्रत्येक घरात वेगळा बसलेला दिसतो. कुठे गच्च, कुठे विरळ, एका कोपऱ्यात तर सरकीचा काळा कण तसाच राहिलेला. शिवण शोधायला मी बोट फिरवतो. शिवण कुठेच लागत नाही.