तासाला तीस मिलि: आयसीयूतल्या किडनीचा हिशोब

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. लू लागून आयसीयूत आलेल्या पेशंटचं बीपी पडलेलं असतं आणि उलट्या-घामाने अंगातलं पाणी आटलेलं असतं. त्यात रोजची बीपीची टेल्मिसार्टन आणि गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक पोटात असली, तर किडनी पुरती कोंडीत सापडते. डायक्लोफेनॅक किडनीतल्या गाळणीकडे रक्त नेणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी नळी सैल करते. गाळणीतला दाब बसतो आणि लघवी बंद होते. म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरून निघताना फाइल राहिली तरी चालेल, पण गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत आणा, मेडिकलवरून आपल्या मनाने घेतलेल्यासुद्धा.

दाखल झाल्यावर घरचे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने गाळून टाकायच्या रक्तातल्या कचऱ्याचा, आकडा विचारतात. तो उशिरा बोलतो: किडनीला मार बसल्यावर क्रिएटिनिन ठळकपणे वाढायला एक-दोन दिवस जातात. 48 तासांत 0.3 मिग्रॅ किंवा 7 दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट वाढ झाली, की किडनीला अचानक इजा झाली असं धरतात. लघवी बहुधा त्याआधी सांगते. दर किलो वजनामागे तासाला 0.5 मिलिपेक्षा कमी लघवी सलग 6 तास झाली, तरी निदान तेच. म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलि. ती मोजायला कॅथेटर (लघवीची नळी) आणि पिशवी यांच्यामध्ये आकडे आखलेला प्लास्टिकचा डबा लावतात. सिस्टर दर तासाला तो वाचते, नोंदवते आणि पिशवीत रिकामा करते. ही नोंद म्हणजे आयसीयूतलं सगळ्यात मोलाचं काम. लघवी एकदम शून्यावर आली, तर आधी नळी दुमडली आहे का, गाठीने तुंबली आहे का, हे पाहायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर दोष किडनीचा नाही.

इजा झालेली किडनी बरी करणारं औषध आजही नाही. जे आहे ते नुकसान थांबवणं. पाणी कमी असेल तर ते सलाईनने भरून काढायचं, शक्यतो रिंगर लॅक्टेटने. साध्या सलाईनमध्ये लिटरला 154 मिलिमोल क्लोराइड असतं, रक्तात 100च्या आसपास. लिटरवर लिटर दिलं तर रक्त आम्लाकडे झुकतं. पण पाणी पुरेसं झाल्यावरही बाटल्या लावत राहणं तितकंच घातक. फुप्फुसं भरतात, शिरा तट्ट फुगतात आणि किडनीतून रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी पुरेसं होऊनही बीपी पडलेलं असेल, तर त्याचं सरासरी माप 65च्या वर ठेवायला रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रेनालिन लागतं. ‘किडनीसाठी’ थोडं डोपामिन देण्याची जुनी पद्धत मात्र चाचण्यांत निरुपयोगी ठरली आहे.

लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सने किडनी सुधारत नाही, पण तिची ताकद कळते. पाण्याची तूट भरल्यावर, आधी लॅसिक्स चालू नसलेल्या पेशंटला किलोमागे 1 मिग्रॅ द्यायचं. दोन तासांत 200 मिलि लघवी झाली नाही, तर आजार पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता मोठी.

“डायलिसिस लगेच का नाही?” हा प्रश्न रास्त आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय चाचणीत सुमारे 3000 पेशंटवर हेच तपासलं. लवकर करा वा थांबा, 90 दिवसांत दोन्ही गटांत जवळपास 44 टक्के दगावले. थांबलेल्या गटातल्या तिघांपैकी एकाहून अधिक जणांना मशीन लागलंच नाही. उलट लवकर सुरू केलेल्यांतल्या वाचलेल्या पेशंटपैकी जास्त जण तीन महिन्यांनीही डायलिसिसवर होते. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे नातेवाइकांना रोज समजावून सांगायला हवं.

पोटॅशियमच्या बाबतीत थांबणं नाही. ते 6.5च्या वर गेलं आणि ईसीजी बदलला, तर कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन आधी हृदय सांभाळतात. मग 10 युनिट इन्सुलिन ग्लुकोजसोबत. हे पोटॅशियमला काही तासांसाठी पेशींत ढकलतं, शरीराबाहेर काढत नाही. लघवी बंदच असेल तर डायलिसिस लागतंच. औषधांना न जुमानणारं रक्तातलं आम्ल किंवा फुप्फुसात भरलेलं पाणी, हीही तशीच कारणं.

बीपी डळमळीत असलेल्याला नेहमीचं चार तासांचं डायलिसिस झेपत नाही. त्याच मशीनवर रक्ताचा वेग कमी ठेवून 6 ते 12 तास सावकाश करतात. डायलिसिसच्या नळीसाठी पहिली पसंती मानेच्या उजव्या शिरेला. बरीच अँटिबायोटिक्स या धुण्यात निघून जातात, म्हणून काही डोस डायलिसिसनंतर पुन्हा द्यावे लागतात. हे चुकलं तर संसर्ग पुन्हा उसळतो.

लघवी परतली की काही वेळा दिवसाला 3-4 लिटरही होते, तेव्हा पाणी आणि पोटॅशियम दोन्ही घसरतात. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. बीपीची थांबवलेली गोळी केव्हा सुरू करायची, हे त्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.