लीग शील्ड आणि आयएसएल कप: एकाच हंगामाचे दोन विजेते

४ मे २०२४ च्या रात्री फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात मुंबई सिटीने मोहन बागानला त्यांच्याच कोलकात्यात ३-१ असे हरवले, तेव्हा सांगलीत आमच्या घरी मोबाइलवर गुणतक्ता उघडून बसलेल्या भाच्याने विचारले, "मामा, वर तर मोहन बागान आहे. मग कप मुंबईला कसा?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण तेव्हा या लीगच्या एका हंगामात दोन वेगळे मान दिले जात: साखळीत गुणांनी अव्वल येणाऱ्याला लीग शील्ड आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याला कप.

आपल्या भागात हंगाम म्हटले की उसाचा गळीत हंगाम आठवतो, आणि शील्डला तोच दाखला चपखल बसतो: रोजच्या गाळपाची बेरीज होऊन शेवटी कारखान्याचा आकडा ठरतो, तसे साखळीतील प्रत्येक सामन्याचे गुण मोजून शील्ड दिली जाते. त्या वर्षी १२ संघ प्रत्येकी २२ सामने खेळले. या दोघांतच झालेल्या साखळीतील शेवटच्या सामन्याआधी मुंबईचे ४७ आणि मोहन बागानचे ४५ गुण होते, म्हणजे मुंबईला नुसती बरोबरी पुरली असती. पण १५ एप्रिलला लिस्टन कोलासो आणि जेसन कमिंग्ज यांच्या गोलांवर मोहन बागान २-१ ने जिंकले आणि ४८ गुणांसह शील्ड घेऊन गेले.

कप म्हणजे मैदानातली निकाली कुस्ती. तेव्हा पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ बाद सामन्यांतून तिथे पोहोचत, आणि आधीचे गुण अंतिम सामन्यात कोणी विचारत नसे.

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा फक्त कपच होता. शील्ड २०१९-२० पासून आली आणि पहिली एफसी गोवाने जिंकली. तिच्या बळावरच गोवा २०२१ मध्ये आशियातील क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कपची रात्र कितीही रंगली तरी महिनोन्‌महिने टिकवलेल्या सातत्याचा मान मोठा, असे मला मनापासून वाटते, आणि भाच्यालाही मी तेच सांगितले.

दोन्ही मान एकाच हंगामात मिळवणे मुंबई सिटीला २०२०-२१ मध्ये साधले. पुढे २०२४-२५ मध्ये मोहन बागानने ५६ गुणांसह शील्ड राखली आणि १२ एप्रिल २०२५ रोजी बेंगळुरूला जादा वेळेत २-१ असे नमवून कपही घेतला.