माणचा पाऊस आणि 'दुष्काळ' या शब्दाचा घोळ

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सातारा जिल्ह्यातून यादीत दोन नावे होती, वाई आणि खंडाळा. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा त्याच जिल्ह्यातला माण तालुका नव्हता. छपाईची चूक असावी असे वाटावे, पण ती चूक नव्हती. नियमाप्रमाणे हिशेब केला की उत्तर तसेच येत होते. ते तसे का येते, हे कळायला माणचा पाऊस आणि सरकारी शब्दकोश दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभरएक किलोमीटरवर माणातल्या दहिवडीला पोहोचेपर्यंत आकडा साडेचारशे-पाचशेच्या घरात आलेला असतो. जिल्हा एकच. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि पुढे येतो तो वारा. आषाढात माणात उभे राहिले तर डोक्यावरून काळे ढग पळताना दिसतात, अंगावर भुरभुर येते, ढेकूळ मात्र भिजत नाही. (पवनचक्क्या आल्या तेव्हा 'यांनीच ढग हाकलले' असे गावोगाव बोलले जायचे. ढग त्याआधीही थांबत नव्हते.) इथला भरवशाचा पाऊस दोनच वेळा येतो, मे महिन्यातला वळीव आणि उत्तरा-हस्तातला परतीचा. म्हणून इथे बाजरी नशिबावर पेरतात आणि शाळू हिशेबाने. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण इथे अजून कामाची आहे.

जुन्या काळाचे थोडक्यात. दुर्गादेवीच्या दुष्काळापासूनच्या आठवणी सांगितल्या जातात, पण कागद हाती लागतात ते १८७६-७८ पासून. त्या काळातले दुष्काळी काम म्हणजे राजेवाडीचा तलाव, जुन्या दप्तरात म्हसवड तलाव. बांध माणगंगेवर पडला, पाट सोलापूर जिल्ह्याकडे गेला. या एका वाक्यावर माणात आजही तासभर बोलणारे भेटतात.

खरा गुंता शब्दाचा आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात पीक रुपयात मोजत. सोळा आणे म्हणजे भरघोस, चार आण्यांच्या खाली गेले की त्या वर्षीचा सारा तहकूब. आणे ठरवणार कोण, यावर सगळे अडायचे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातला १९१८ चा सत्याग्रह याच चार आण्यांवरून झाला. शेतकरी म्हणत पीक चाराच्या आत, साहेब म्हणत वर. पुढे दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाई, अशी रेघ ओढली गेली. भांडण तेच राहिले. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम, आणि माणसारख्या ठिकाणी जी गावे कागदावर 'रब्बी गावे' आहेत त्यांचा निकाल थेट मार्चात. तोवर शेतातला कडबा संपलेला असतो आणि जनावर बाजार दाखवून आलेले असते.

१९६३ साली राज्याने एक कायदाच केला. राज्यात लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून इंग्रजी कायद्यातला दुष्काळवाचक शब्द काढून टाकायचा आणि तिथे टंचाई या अर्थाचा शब्द घालायचा. कारण असे दिले की सरकार पिकांवर सतत लक्ष ठेवून असते, वेळीच कामे काढते, तेव्हा दुष्काळाला आता वावच उरलेला नाही. नऊ वर्षांत १९७२ उजाडले. खडी फोडणारे हात, सुकडी, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि गावोगावचे पाझर तलाव हे सगळे कागदोपत्री 'टंचाई' होते. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण शब्द परत आला नाही.

मग 'टंचाईसदृश', 'दुष्काळसदृश' अशी पिलावळ झाली. २०१५ च्या दुष्काळात हा 'सदृश' न्यायालयात गेला. मे २०१६ मध्ये सरकारने शुद्धिपत्रक काढले की जिथे जिथे 'दुष्काळसदृश' म्हटले आहे तिथे 'दुष्काळ' वाचावे. २९ हजारांच्या आसपास गावे एका कागदाने दुष्काळी झाली. गंमत अशी की त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवामान खात्याने आपल्या भाषेतून इंग्रजी दुष्काळ काढून 'तुटीचे वर्ष' आणले होते.

त्यानंतर केंद्राची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली आणि पैसेवारी मागे पडली. आता आधी पाऊस सरासरीपेक्षा किती कमी, खंड किती आठवड्यांचा, हे पाहायचे. मग उपग्रहावरून पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, पाणीसाठे. शेवटी दहा टक्के गावांत जाऊन पडताळणी. तलाठ्याच्या नजरेपेक्षा हे बरेच, यात वाद नाही. २०१८ मध्ये याच पद्धतीने १५१ तालुके निघाले, त्यात माण होता. यादीत नाव असले की जनावरांसाठी चारा छावणी मिळते. २०१९ च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला १०० रुपये आणि लहानाला ५० असा दर होता. कानात बारकोडचा बिल्ला, तो रोज मोबाइलने टिपायचा. गाय मान झटकायची, बिल्ल्यावर शेण वाळलेले असायचे, मोबाइल पुन्हा पुन्हा धरावा लागायचा आणि तोवर मागची ओळ उन्हात थांबलेली.

अडचण आहे ती 'सरासरीपेक्षा कमी' या मोजमापात. माणची सरासरीच इतकी थोडी की सप्टेंबरात एका संध्याकाळी ऐंशी मिलिमीटर कोसळले तरी महिन्याभराची तूट कागदावर भरून निघते, मग बाजरी ऑगस्टातच करपलेली का असेना. वाईची सरासरी मोठी, तिथे तीच तूट भरत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. तरी निकष लावला तेव्हा सांगली जिल्ह्यातला भरपूर पावसाचा शिराळा दुष्काळी ठरला आणि माण बाहेर राहिला. ओरड झाली. दहाच दिवसांत उरलेल्या तालुक्यांतल्या १,०२१ महसूल मंडळांसाठी (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) वेगळा निर्णय निघाला. त्यात शब्द कोणता होता? 'दुष्काळसदृश'. सात वर्षांपूर्वी शुद्धिपत्रकाने पुसलेला.

अलीकडे उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचे पाणी माणात येऊ लागले आहे आणि श्रमदानातून बांधबंदिस्ती झालेल्या शिवारांत जानेवारीपर्यंत विहिरींना पाणी दिसते. पाऊसही आता जुन्या वेळा पाळत नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, शेजारच्या फलटण-बारामतीकडे त्याच दिवसांत ओढे फुटले आणि शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहत बसला. अशा वेळी भरपाईसाठी प्रश्न दुसऱ्या आकड्याचा येतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. तो मोजतात मंडळाच्या गावी लावलेल्या पर्जन्यमापकावर. ढग डोंगराच्या अलीकडे फुटला आणि मापक पलीकडे असला, की नुकसान झालेल्या शिवारात कागदोपत्री पाऊसच पडलेला नसतो.