डोंगरातले कोळी: संकलनाची पद्धत कशी घडत गेली

कोळी गोळा करायला डोंगरात गेलेला आजचा अभ्यासक जंगलात तासभर फांद्या झोडपतो, मग तासभर पालापाचोळा चाळतो. झाडी संपून कुरण लागलं की गवतावरून जाळी फिरवतो. घड्याळ लावून काम करण्याची ही शिस्त तशी अलीकडची आहे.

सुरुवात नावांपासून झाली. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून धरतात, पण कोळ्यांच्या बाबतीत स्वीडनच्याच कार्ल क्लेर्कच्या 1757 च्या पुस्तकाला अग्रमान आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात डोंगर चढणारा एक आणि वर्णन लिहिणारा दुसराच, अशी रीत पडली. फर्डिनांड स्टोलिच्का हा भूशास्त्रज्ञ 1873 मध्ये मध्य आशियातल्या यारकंदच्या दुसऱ्या मोहिमेवर गेला आणि 1874 मध्ये परतीच्या वाटेवर लडाखमध्ये वारला. त्या मोहिमेतल्या कोळ्यांवर ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्लिश धर्मगुरूने लिहिलं, तेही 1885 मध्ये.

हिंग्स्टनची हकीकत मला याहून विलक्षण वाटते. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेचा हा डॉक्टर. सुमारे 6,700 मीटरवर, जिथे झाडझाडोरा काहीच नाही, तिथे त्याला दगडांत उड्या मारणारे छोटे कोळी सापडले. त्यांना ‘यूओफ्रिस ऑम्नीसुपरस्टेस’ हे नाव मिळायला 1975 साल उजाडलं. ते तिथे खातात काय, हा प्रश्न बरीच वर्षं घोळत राहिला. खालून वाऱ्याबरोबर परागकण आणि सेंद्रिय कचरा वर येतो, त्यावर बारीक कीटकसदृश जीव जगतात आणि त्यांच्यावर कोळी, असा उलगडा पुढे लॉरेन्स स्वॉनच्या लेखनातून झाला.

हे सगळे कोळी डोळ्यांनी शोधून टिपलेले. पण थंड डोंगरी जंगलात लिनिफिडी कुळातले, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे कोळी पाचोळ्यात दडून असतात. नुसत्या नजरेच्या भरवशावर राहिलं तर त्यातले बहुतेक निसटतात. किलिमांजारो-मेरू मोहिमेतल्या कोळ्यांचं वर्णन 1910 मध्ये करणाऱ्या आल्बर्ट टुलग्रेननेच 1918 मध्ये बर्लेझच्या नरसाळ्याला, म्हणजे पाचोळ्यातले जीव खाली बाटलीत उतरवायच्या साधनाला, दिव्याची जोड दिली. वरून ऊब मिळून पाचोळा सुकत जातो, तसे जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. कुरणात जमिनीवरून धावणाऱ्या लांडगा कोळ्यांसाठी मातीत काठोकाठ पुरलेले पेले आले, धावता कोळी त्यात पडावा म्हणून.

तरी दोन डोंगरांची तुलना करता येईना, कारण कोणी किती वेळ शोधलं याची नोंदच नसे. ही अडचण 1991 मध्ये कोळ्यांचे अभ्यासक जोनाथन कॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी सोडवली. एका माणसाचं एका पद्धतीने एक तास काम, हे त्यांनी मोजमापाचं एकक ठरवलं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा बदल. कारण त्यामुळे ‘इथे तो कोळी मिळाला नाही’ या नोंदीलाही वजन आलं.

संकलनाच्या सहलीचा मोसम निवडण्यामागे वेगळं कारण आहे. बहुतेक जातींची खात्रीलायक ओळख प्रौढांच्या जननांगांवरूनच पटते. पिल्लं हाती लागली तर अनेकदा कुळापुढे जाता येत नाही. उंचावरच्या कुरणांत उन्हाळा थोडा, म्हणून प्रौढ मिळण्याचे दिवसही थोडे.

जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा फक्त डोंगराचं नाव असतं. हवामान तापून जाती वर सरकत आहेत का, हे तपासायला तेवढं पुरत नाही. आता प्रत्येक बाटलीत अक्षांश, रेखांश, उंची आणि तारखेची चिठ्ठी जाते. बाटल्याही दोन प्रकारच्या लागतात: शरीररचना पाहण्यासाठी 70 ते 80 टक्के अल्कोहोल, कारण त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये कोळी ठिसूळ होतो, आणि डीएनएसाठी 95 टक्क्यांच्या वरचं.